फ्रान्सिस स्टर्नहेगन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हौशी नाटकमंडळींत मी या बाईंचं नाव इतक्यांदा घेते की नवीन येणारा प्रत्येक जण हमखास विचारतो, "या कोण?" मी स्वतः कितीतरी वर्षं आईची, मावशीची, शेजारणीची कामं करत आले आहे. या कामांकडे कसं बघायचं, हे मला ज्यांच्याकडून शिकायला मिळालं, त्यांत स्टर्नहेगन बाईंचा वाटा मोठा आहे. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

फ्रान्सिस स्टर्नहेगन कोण होत्या?

न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर पन्नासहून जास्त वर्षं उभ्या राहिलेल्या आणि अमेरिकेच्या टीव्हीवर कुणाची ना कुणाची आई, सासू, आजी म्हणून घराघरांत पोचलेल्या अभिनेत्री. जन्म १३ जानेवारी १९३०, वॉशिंग्टन डीसी. वडील तिथल्या कर न्यायालयात न्यायाधीश, आई पहिल्या महायुद्धात परिचारिका होती. निधन २७ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यू रोशेल इथे राहत्या घरी, वयाच्या ९३व्या वर्षी. रंगभूमीसाठीचा टोनी पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला.

त्यांना 'चरित्र अभिनेत्री' का म्हणतात? म्हणजे दुय्यमच ना?

दुय्यम नाही. चरित्र भूमिका म्हणजे जिच्यावर नाटकाची गोष्ट उभी नसते, पण जिच्यामुळे गोष्टीतलं घर खरं वाटतं अशी भूमिका. आपल्याकडे ललिता पवार, सुलभा देशपांडे ही नावं घेतली की मुद्दा लगेच कळतो. नायिकेला आपली बाजू मांडायला अख्खं नाटक मिळतं. चरित्र अभिनेत्रीला मिळतात दोन प्रवेश, आणि तेवढ्यात त्या बाईचं आधीचं सगळं आयुष्य प्रेक्षकाच्या लक्षात यावं लागतं. लग्न कसं झालं असेल, पैसा कुठून आला, मुलावर जीव का, सुनेवर राग का, हे संवादांत लिहिलेलं नसतं. ते बसण्यात, कप उचलण्यात, समोरच्याचं ऐकून घेण्यात आणावं लागतं. स्टर्नहेगन बाईंचं ऐकून घेणं विलक्षण होतं. समोरचं पात्र बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावरून डोळा हलत नाही, असं मला त्यांचं काम बघताना नेहमी होतं.

अभिनयाकडे त्या कशा वळल्या?

व्हासर कॉलेजात असताना. हे न्यूयॉर्क राज्यातलं तेव्हाचं फक्त मुलींचं कॉलेज. तिथल्या जेवणाच्या दालनात खिदळणाऱ्या मुलींसमोर त्यांनी शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द्वितीय'मधला प्रवेश केला, तोही राजा रिचर्डचाच, आणि सगळं दालन गप्प झालं. पुढे त्या तिथल्या नाट्यमंडळाच्या प्रमुख झाल्या. जेवणाच्या वेळी दंगा करणाऱ्या मुलींना गप्प करणं नाट्यगृहातल्या प्रेक्षकांना गप्प करण्यापेक्षा अवघड, हे शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात काम केलेल्या कुणालाही पटेल.

कॉलेजनंतर मॅसॅच्युसेट्समधल्या मिल्टन अकॅडमीत त्यांनी मुलांना अभिनय, गाणं, नाच शिकवला. मग वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत नाट्यशिक्षण, आणि १९५३-५४च्या हंगामात त्याच शहरातल्या अरीना स्टेजवर काम. हे नाट्यगृह तेव्हा नवं होतं आणि प्रेक्षक रंगमंचाच्या चारही बाजूंनी बसत. प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहायला कोपराच नाही! पुढे कॅमेऱ्यासमोर त्या इतक्या सहज का वावरल्या, याचं एक कारण मला या सुरुवातीत दिसतं.

ब्रॉडवेवर पहिलं काम कोणतं?

ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक रंगभूमी. १९५५ साली 'द स्किन ऑफ अवर टीथ' हे नाटक तिथे पुन्हा रंगमंचावर आलं, त्यातली छोटीशी भूमिका. मुख्य कामांत हेलन हेज आणि मेरी मार्टिन होत्या. म्हणजे पहिल्याच नाटकात विंगेत उभं राहून बघायला काय मिळालं, याची कल्पना करा.

त्याच सुमारास ब्रॉडवेबाहेरच्या लहान नाट्यगृहांतल्या कामासाठी ओबी पुरस्कार सुरू झाला. त्याच्या पहिल्याच वर्षी, १९५६ साली, 'द अॅडमिरेबल बॅशव्हिल'साठी त्यांना तो मिळाला. १९६५ साली ब्रिटिश नाटककार हॅरल्ड पिंटरच्या दोन नाटकांसाठी पुन्हा मिळाला.

लग्न, मुलं, संसार?

१९५६ साली टॉमस कार्लिन यांच्याशी लग्न झालं. तेही अभिनेते. या दोघांना सहा मुलं झाली. कार्लिन १९९१ साली गेले.

सहा मुलं आणि आठवड्याला आठ प्रयोग, हे जमलं कसं?

हा प्रश्न मला बायकाच विचारतात, आणि तो खरा प्रश्न आहे. ब्रॉडवेचं वेळापत्रक सांभाळणं सोपं नाही. आठवड्यात आठ प्रयोग, त्यातले दोन दिवस दुपारी आणि रात्री असे दोन-दोन. सुट्टी साधारण एकच वार. आजारपण, पाहुणे, मुलाची परीक्षा, काहीही असो, पडदा ठरल्या वेळी वर जातो.

बाईंनी लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवलं नाही. संसार न्यू रोशेलमध्ये, मॅनहॅटनपासून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथून नाटकाला जायचं आणि रात्री परत यायचं. डोंबिवलीहून दादरला तालमीला जाणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. मुलं लहान असताना घरखर्चाला त्यांनी जाहिराती केल्या आणि न्यूयॉर्कमध्येच चित्रित होणाऱ्या दिवसाच्या मालिका केल्या. 'लव्ह ऑफ लाइफ' आणि 'द सीक्रेट स्टॉर्म' या त्यांतल्या दोन. अशा मालिकांत रोजच्या रोज नवी पानं हातात पडतात आणि पाठ करायला वेळ नसतो. अशी कामं करण्यात कमीपणा मानणारे नट मी पाहिले आहेत. बाईंनी तसं कधी मानलं नाही. त्यांच्या टीव्हीवरच्या हातोटीचं मूळ मला त्या वर्षांत दिसतं.

आणि हेही खरं की त्यांच्या कारकिर्दीचा मोठा काळ चाळिशीनंतर सुरू झाला. टोनीचं पहिलं नामांकन १९७२ साली, म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मिळालं.

टोनी कोणत्या नाटकांसाठी मिळाला?

१९७४ साली 'द गुड डॉक्टर' आणि १९९५ साली 'द एअरेस'. दोन्ही वेळा सहायक भूमिकेसाठी. एकूण नामांकनं सात. बाकीची पाच: 'द साइन इन सिडनी ब्रुस्टाइन्स विंडो' (१९७२), 'इक्वस' (१९७५), 'एंजल' (१९७८), 'ऑन गोल्डन पॉन्ड' (१९७९) आणि 'मॉर्निंग्ज अॅट सेव्हन' (२००२).

यातलं 'एंजल' हे संगीतनाटक जेमतेम पाच प्रयोग चाललं. तरी मुख्य भूमिकेसाठी त्यांचं नामांकन झालं. आणि २००२ सालची गंमत वेगळीच. 'मॉर्निंग्ज अॅट सेव्हन' ही चार म्हाताऱ्या बहिणींची गोष्ट. सहायक अभिनेत्रीच्या पाच नामांकनांत तीन बहिणी याच नाटकातल्या होत्या: एलिझाबेथ फ्रान्झ, एस्टेल पार्सन्स आणि स्टर्नहेगन. पुरस्कार मात्र 'नॉइझेस ऑफ' या दुसऱ्याच नाटकातल्या केटी फिनरनला गेला.

'द गुड डॉक्टर' काय आहे?

नील सायमन यांनी चेखॉव्हच्या छोट्या कथांवरून लिहिलेलं नाटक. छोटे छोटे प्रवेश, तेच चार-पाच नट, आणि प्रत्येक प्रवेशात नवी माणसं. क्रिस्टोफर प्लमर त्यात होते. चरित्र अभिनेत्रीसाठी याहून चांगलं मैदान नाही: शाल बदलली, पाठीचा बाक बदलला की दुसरी बाई उभी राहिली पाहिजे.

'इक्वस'मधल्या त्यांच्या कामाबद्दल इतकं का बोललं जातं?

पीटर शॅफर यांचं हे नाटक १९७४ साली ब्रॉडवेवर आलं आणि १,२०९ प्रयोग चाललं. एका सतरा वर्षांच्या मुलाने सहा घोड्यांचे डोळे फोडले आहेत आणि एक मनोविकारतज्ज्ञ त्याचं कारण शोधतो आहे. सुरुवातीच्या संचात डॉक्टर होते अँथनी हॉपकिन्स, मुलगा पीटर फर्थ, आणि मुलाच्या आईच्या, म्हणजे डोरा स्ट्रँगच्या भूमिकेत स्टर्नहेगन.

डोरा देवभोळी, शिक्षिका राहिलेली, टापटीप बाई. पहिल्या भागात ती डॉक्टरांना हवी ती माहिती सौजन्याने देत राहते. मग दुसऱ्या भागात ती मुलाला भेटायला रुग्णालयात येते. मुलगा जेवणाचं ताट तिच्या अंगावर फेकतो आणि ती त्याच्या थोबाडीत मारते. डॉक्टर तिला बाहेर काढतात. तिथे ती जे बोलते ते या नाटकातलं एक महत्त्वाचं स्वगत आहे. तिचं म्हणणं असं की तुम्ही लोक आईबापांकडेच बोट दाखवता, पण आम्ही काही गुन्हेगार नाही. या मुलाला आम्ही जे जे देता येईल ते दिलं. आणि हा मुलगा म्हणजे आमची बेरीज नव्हे, तो स्वतः आहे.

ही संहिता मी अनेकदा मोठ्याने वाचली आहे. हे स्वगत आक्रस्ताळं करायचा मोह फार होतो, आणि तसं केलं की हरलो. ते बोलणारी बाई आयुष्यभर आवाज न चढवता जगलेली आहे. तिचा आवाज पहिल्यांदा चढतो तेव्हा तिला स्वतःलाच धक्का बसायला हवा. वरवर नेटकी आणि आतून पेटलेली बाई, हा स्टर्नहेगन बाईंचा प्रांत. पुढच्या चाळीस वर्षांत त्या पुन्हापुन्हा तिथे गेल्या आणि दर वेळी वेगळी बाई घेऊन आल्या.

स्वतःच्या वयापेक्षा मोठ्या बायका त्यांनी इतक्या का केल्या?

कारण त्या करू शकत होत्या, आणि दिग्दर्शकांना ते ठाऊक होतं. 'ऑन गोल्डन पॉन्ड' १९७९ साली ब्रॉडवेवर आलं तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या आणि एथेल थेअर ही ६९ वर्षांची बाई करत होत्या. नवरा नॉर्मन ऐंशीला टेकलेला. तो टॉम ऑल्ड्रेज करत होते, तेही तेव्हा पन्नाशीतले. तळ्याकाठच्या घरी हे जोडपं उन्हाळा घालवायला येतं, म्हातारा विसरायला लागला आहे आणि म्हातारीला ते कळलं आहे.

वय वाढवून दाखवायचं म्हटलं की आपले नट आधी हात थरथरवतात. एथेल तशी करून चालत नाही. ती घरातली धडधाकट आहे. तिचं वय दिसतं ते तिच्या घाईत, म्हाताऱ्याला रस्ता सापडला नाही हे कळूनही काही झालंच नाही असं बोलण्यात.

नंतर 'ड्रायव्हिंग मिस डेझी'. ब्रॉडवेबाहेरच्या मूळ प्रयोगांत डेझी करणाऱ्या डॅना आयव्ही गेल्यावर ती भूमिका स्टर्नहेगन बाईंनी घेतली. डेझी नाटकाच्या सुरुवातीला ७२ वर्षांची आणि शेवटी ९७ वर्षांची आहे. बाई तेव्हा साठीच्याही नव्हत्या. मध्ये पंचवीस वर्षं जातात आणि रंगमंचावर जातात तासा-दीड तासात.

मग या नाटकांच्या चित्रपटांत त्या का नव्हत्या?

याचं मला आजही वाईट वाटतं. 'ऑन गोल्डन पॉन्ड'चा चित्रपट १९८१ साली आला. एथेल केली कॅथरीन हेपबर्न यांनी आणि त्यांना ऑस्कर मिळालं. 'ड्रायव्हिंग मिस डेझी'चा चित्रपट १९८९ साली आला. डेझी केली जेसिका टँडी यांनी आणि त्यांनाही ऑस्कर मिळालं. 'इक्वस'च्या १९७७ सालच्या चित्रपटात आई होत्या जोन प्लाउराइट. चित्रपटाला तिकीटबारीवर खपणारं नाव लागतं, आणि स्टर्नहेगन हे नाव नाटकवाल्यांचं होतं. हेपबर्न आणि टँडी दोघीही थोर, त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण रंगमंचावर एखादी बाई उभी करायची आणि तिचा कायमचा चेहरा दुसरीचा व्हायचा, हे एका माणसाच्या वाट्याला तीनदा यावं?

'चिअर्स'मध्ये त्या कोण होत्या?

क्लिफ क्लेव्हिन या पोस्टमनची आई, एस्थर. 'चिअर्स' ही बॉस्टनमधल्या एका बारची विनोदी मालिका, १९८२ ते १९९३ अशी अकरा वर्षं चाललेली. क्लिफ (जॉन रॅट्झेनबर्गर) बारमध्ये बसून जगातल्या प्रत्येक विषयावर खात्रीने चुकीची माहिती देतो आणि घरी आईजवळ राहतो. ही आई बरेच दिवस फक्त बोलण्यातच होती. १९८६च्या सुमारास ती समोर आली, आणि कळलं की पोरगा हे सगळं कुठून शिकला! तीच खात्री, तोच अघळपघळ तपशील, तोच भाबडेपणा. मुलाच्या लकबी आईने आधीच उचलून ठेवल्यासारख्या वाटाव्यात, हे कामाचं कसब. एस्थर मोजक्याच भागांत दिसली.

आणि 'सेक्स अँड द सिटी'मधली बनी?

आजच्या चाळिशीतल्या माणसांनी त्यांना पाहिलं ते इथे. २००० सालापासून. न्यूयॉर्कमधल्या चार मैत्रिणींची ही मालिका. त्यांच्यातल्या शार्लटचं (क्रिस्टिन डेव्हिस) लग्न ट्रे मॅकडूगल (काइल मॅक्लॅक्लन) या बड्या घरच्या डॉक्टरशी जमतं. बनी ही त्याची आई.

लग्नाआधीचा एक प्रसंग बघा. बनी, मुलगा आणि होणारी सून एकत्र बसलेले आहेत. बनीला मुलाकडून काहीतरी हवं आहे. ती मागत नाही, वाद घालत नाही, विचारतसुद्धा नाही. असं असं करायचं आहे, एवढं जणू ठरलंच असल्यासारखं म्हणते आणि मुलगा लगेच, "ऑलरायटी." बस्स. शार्लटला या घराची किल्ली सापडते. पुढे तीही तीच युक्ती वापरते आणि तिच्या लग्नाला त्याच शब्दात होकार मिळतो. स्टर्नहेगन बाई या प्रसंगात काहीही 'करत' नाहीत. मुलाकडे धड बघतही नाहीत. होकार येणारच आहे हे माहीत असलेली बाई कशाला बघेल? सत्ता दाखवायला आवाज लागत नाही, हे मी आमच्या नव्या मुलींना हाच प्रसंग दाखवून समजावते.

बनी पुढे वाईट वागते. दत्तक मूल चीनमधून आणायचं म्हटल्यावर तिचा घराण्याचा गर्व अत्यंत कुरूप होऊन बाहेर येतो, आणि लग्न मोडल्यावर ती राहत्या घरावरून सुनेशी भांडते. बाईंनी तिला गोड करायचा प्रयत्न केला नाही. पण तिला कार्टूनही होऊ दिलं नाही. तिला खरोखरच वाटतं की ती घराणं वाचवते आहे, आणि तेवढ्यानेच ती भीतीदायक होते.

एमी मिळालं का?

नाही. टीव्हीसाठीच्या या पुरस्काराची तीन नामांकनं झाली, 'चिअर्स'साठी दोन आणि 'सेक्स अँड द सिटी'साठी एक, तिन्ही पाहुण्या कलाकाराच्या विभागात.

सतत आई, सासू, आजी. त्या एकाच साच्यात अडकल्या नाहीत का?

लोक हा प्रश्न जरा दया दाखवून विचारतात. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. 'आई' हा साचा आहे असं कोण म्हणतं? डोरा स्ट्रँग, एस्थर क्लेव्हिन, बनी मॅकडूगल या तिघींना एका खोलीत बसवून बघा. पाच मिनिटं त्यांना एकमेकींशी बोलायला विषय मिळणार नाही. त्यात 'ई.आर.' या रुग्णालयातल्या मालिकेतली मिलिसेंट कार्टर मिळवा: शिकागोच्या गर्भश्रीमंत घराण्यातली, तरुण डॉक्टर जॉन कार्टरची (नोआ वायली) आजी. ती बनीइतकीच पैशात वाढलेली आहे, पण तिचा पैसा तिला एकटं करून गेला आहे. नातवाने डॉक्टरकीच्या नावाखाली घराकडे पाठ फिरवली याचं तिला दुःखही आहे आणि त्याचा अभिमानही. मोत्यांची माळ दोघींच्याही गळ्यात शोभेल, पण मान धरण्याची तऱ्हा वेगळी.

पन्नाशी ओलांडलेल्या बायकांसाठी लिहिणारे लेखक त्यांना नावाआधी नातं देतात, ही लेखकांची सवय. नटीने काय करायचं? नातं घ्यायचं आणि त्याच्या आत बाई शोधायची.

'द क्लोजर'मधलं कोणतं काम बघावं?

विली रे जॉन्सन. पोलीस अधिकारी ब्रेंडा ली जॉन्सनची (किरा सेजविक) आई, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटाकडची, जिभेवर साखर असलेली बाई. अधूनमधून ती नवऱ्यासह लेकीकडे लॉस एंजेलिसला राहायला येते आणि लेकीची सगळी हुशारी आईपुढे निष्प्रभ होते.

२०१२ साली मालिका संपत आली असताना एक भाग येतो. आईला लेकीशी काहीतरी बोलायचं आहे. ती सांगते, जरा निवांत बस, बोलायचंय. लेक म्हणते हो हो, आणि फोन वाजतो. पुन्हा आई विषय काढते, पुन्हा काम निघतं. आई रागावत नाही. प्रत्येक वेळी ती थोडीशी मागे सरते, इतकंच. सकाळी ब्रेंडा तिला उठवायला जाते तर ती गेलेली असते. काय बोलायचं होतं, ते राहून जातं.

बाई तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या. त्या सगळ्या भागात 'मी आता जाणार आहे' अशी एकही खूण त्या करत नाहीत. स्वयंपाकघरात वावरतात, लेकीचं ऐकतात, विषय उद्यावर ढकलतात. माझी आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यातला एक फोन मी असाच घाईत ठेवला होता. हा भाग मी दुसऱ्यांदा पाहू शकलेले नाही.

'द एअरेस'मध्ये त्या नायिकेच्या कोण होत्या? काही ठिकाणी 'काकू' लिहिलंय, काही ठिकाणी 'मावशी'.

आत्या. इंग्रजीत एकाच शब्दात सगळं येतं म्हणून हा घोळ. लव्हिनिया पेनिमन ही डॉ. स्लोपर यांची बहीण, म्हणून कॅथरीनची आत्या. हे नातं इथे महत्त्वाचं आहे, कारण ती विधवा आहे आणि भावाच्या घरात आश्रयाने राहते. भाचीच्या प्रेमप्रकरणात ती इतकी रमते ती स्वतःच्या रिकाम्या आयुष्यामुळे.

गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमधली, हेन्री जेम्स यांच्या 'वॉशिंग्टन स्क्वेअर' कादंबरीवरून घेतलेली. कॅथरीन साधी, बुजरी, पण मोठ्या इस्टेटीची वारस. मॉरिस नावाचा देखणा तरुण तिच्या मागे. पळून जायच्या रात्री कॅथरीन सामान बांधून बैठकीत वाट बघत बसते आणि आत्याला सहज सांगून टाकते की वडिलांच्या पैशावर पाणी सोडल्याचं तिने मॉरिसला कळवलं आहे. त्या क्षणी आत्याला कळतं की गाडी येणार नाही. कॅथरीनला अजून कळलेलं नाही. प्रेक्षकाला ते कळतं आत्याच्या चेहऱ्यावरून. नायिकेच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव आधी शेजारच्या खुर्चीतल्या बाईवर पडतो. याला म्हणायचं सहायक भूमिका.

१९९५ सालच्या या प्रयोगाला चार टोनी मिळाले: नाटकाला, दिग्दर्शक जेराल्ड गुटिएरेझना, कॅथरीन करणाऱ्या चेरी जोन्सना आणि आत्याला. आणखी एक जुळून आलेली गोष्ट. मॉरिस करत होते जॉन टेनी. पुढे 'द क्लोजर'मध्ये तेच ब्रेंडाचा नवरा झाले आणि स्टर्नहेगन त्यांच्या सासूबाई!

चित्रपटांत काय बघण्यासारखं?

थोडं, पण नेमकं. 'आउटलँड' (१९८१) हा अंतराळातला चित्रपट आहे, गुरूच्या आयो या चंद्रावरच्या खाणवस्तीत घडणारा. शॉन कॉनरी तिथले पोलीसप्रमुख. सगळी वस्ती त्यांना एकटं सोडते तेव्हा मदतीला येते ती कंपनीची कडवट, थकलेली डॉक्टर लझारस, म्हणजे आपल्या बाई. १९८१ साली पन्नाशीतल्या अभिनेत्रीला नायकाची प्रेयसीही नाही, आईही नाही, तर नुसती सोबतीण म्हणून उभं करणं दुर्मिळ होतं. त्यासाठी त्यांना विज्ञानकथा-चित्रपटांसाठीचा सॅटर्न पुरस्कार मिळाला.

'द मिस्ट'मध्ये (२००७) त्या शिक्षिका आहेत, दुकानात अडकलेल्या जमावाला भडकावणाऱ्या बाईवर डबा फेकून मारणाऱ्या. 'ज्युली अँड ज्युलिया'त (२००९) पाककृतींचं गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या अर्मा रॉम्बाउअर, एकाच प्रसंगापुरत्या. शेवटचा चित्रपट रॉब रायनर यांचा 'अँड सो इट गोज' (२०१४).

म्हातारपणी रंगभूमी सोडली का?

छे. २००५ साली, पंचाहत्तरीत, त्या एकाच वर्षात ब्रॉडवेवर दोन नाटकांत होत्या. वसंतात 'स्टील मॅग्नोलियाज' आणि हिवाळा सुरू होताना एडवर्ड ऑल्बी यांचं 'सीस्केप'. या दुसऱ्या नाटकात समुद्रकिनारी बसलेल्या एका वयस्क जोडप्यासमोर पाण्यातून दोन माणसाएवढे सरडे येऊन बोलू लागतात. नवऱ्याला आता फक्त स्वस्थ बसायचं आहे. बायकोला मात्र एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर भटकत राहायचं आहे. बायको स्टर्नहेगन, नवरा जॉर्ज ग्रिझर्ड.

त्यांचं रंगमंचावरचं काम आज बघता येतं का?

फार थोडं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटरमधल्या शाखेत १९७० सालापासून नाटकांचं चित्रीकरण जतन करून ठेवतात, पण ते तिथे जाऊन, अभ्यासाच्या कारणासाठीच पाहता येतं. न्यूयॉर्कमध्ये राहणारं कुणी मराठी नाटकवालं हे वाचत असेल तर तिथे एकदा जरूर चौकशी करावी.

मी त्यांचं काहीच पाहिलेलं नाही. पहिलं काय बघू?

'मिझरी' हा चित्रपट (१९९०). कॅथी बेट्ससाठी सगळे बघतात, बघायलाच हवं. पण त्यात कोलोरॅडोतल्या बर्फाळ गावाचा म्हातारा शेरीफ बस्टर आहे (रिचर्ड फार्नस्वर्थ) आणि व्हर्जिनिया ही त्याची बायको आहे, तीच त्याची मदतनीसही. बेपत्ता लेखकाला शोधत दोघं गाडीतून फिरत असतात. बायको नवऱ्याशी लाडात येते. तो तिला कामावर असल्याची आठवण करून देतो: या गाडीत तू माझी बायको नाहीस, हाताखालची अधिकारी आहेस. त्यावर ती उत्तर देते की या अधिकाऱ्याला साहेबांबरोबर घरी पांघरुणात असायला जास्त आवडलं असतं. प्रसंग मिनिटभराचाही नसेल. तेवढ्यात तीस-चाळीस वर्षांचा संसार गाडीत बसलेला दिसतो. बाहेर बर्फ पडून गेलेलं आहे, तो रस्त्याकडे बघतो आहे, आणि ती त्याच्याकडे.